मालकांना आडवं निजायचं होतं

आमच्यात माणूस मेला की जाळत न्हाईत. मातीत बसवतेत. मांडी घालून, पाठ सरळ, हातात लिंग. जिता आसताना जसा पूजेला बसतो तसाच बसून शिवापशी जायचा. निलंग्याकडल्या आमच्या गावात लिंगायतांच्या घरी असंच चालत आलंय. लहानपणी आज्याला बसवलेलं बघितलं, मागून बापाला बघितलं. त्यात कधी काही वाटलं न्हाई. वाटलं ते एकदाच, आमच्या मालकांच्या येळी.

मालक नेव्हीत व्हते. आमच्या मुलखात मिल्ट्रीत गेलेला माणूस सापडायचा, पण समुद्रावर गेलेला कुणी न्हवता. समुद्र बघितलेलाच कुणी न्हवता. माझं लगीन जमलं तवा लोक बापाला इचारायचे, "जावाई कुठं आसतो?" बाप म्हणायचा, "पाण्यावर." लोक म्हणायचे, "मंग म्हशीलाच द्यायची की पोरगी, तीबी पाण्यातच बसून आसती." बाप हसायचा. मी आतून आयकायची.

मालकांचं काम जहाजाच्या पोटात, बॉयलरवर. जुनं इंग्रजांच्या येळचं जहाज. आत इतकी उष्णता की गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी तापायची अन् छातीला चटका बसायचा. तो डाग त्यांच्या छातीवर मरस्तोवर व्हता. लोक म्हणायचे काढून ठेव, पण लिंग अंगावेगळं करायचं न्हाई म्हणून काढलं न्हाई.

बॉयलरच्या नळ्यांवर एक पांढरं लिंपण आसायचं. वाफ आत राहावी म्हणून. ते फुटलं की खरडून काढायचं अन् नवं लावायचं. मालक सांगायचे, "पिंपात पांढरं पीठ वतायचं, पाणी घालायचं, अन् दोन्ही हातानं मळायचं. तू काय मळशील कणीक, तुझ्याहून झ्याक मळतो." खरडताना ते पीठ सगळीकडं उडायचं. पोरं एकमेकांवर मुठी भरभरून फेकायची, आपण शिमग्याला राख फेकतो तशी. निजायला झोळ्या टांगलेल्या, त्याबी त्याच नळ्यांखाली. सकाळी उठलं की पापण्यांवर पांढरं.

नोकरी संपवून ते घरी आले ते बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधी. टरंकेत माझ्यासाठी लुगडं, आत्यासाठी शंख, अन् त्या नळ्यांना गुंडाळायच्या कापडाचा एक जाड तुकडा. आत्या म्हणजे माझी सासू. मालकांनी तो तुकडा चुलीत टाकला. आत्या वरडली, "आरं, चांगलं कापड जाळून राहिला का?" मालक म्हणले, "बघ तर." जाळ झाला, कापड लाल झालं, चिमट्यानं काढलं तर पयल्याहून पांढरं. आत्यानं हात जोडले. म्हणली, "ह्याला अग्नी शिवत न्हाई. ही शिवाची वस्तू हाय."

मी ते तापलेला तवा धरायला घ्यावं म्हणत व्हते. आत्यानं घेऊ दिलं न्हाई. देवघरात ठिवलं, भस्माच्या वाटीपशी. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. कुणी नारळ ठिवायची, कुणी बेल. मालक हसायचे. "आई, आमच्या जहाजावर असल्या शिवाचे ढीग पडलेत," म्हणायचे. आत्या म्हणायची, "तुला काय कळतंय. ढिगात आसला म्हणून काय देव न्हाई का?"

मंग दुष्काळ पडला. हिरीत पाणी म्हणावं असं पाणी राहिलं न्हाई. बुडाला एक खळगा, त्यात झिरपा साचायचा. वरनं घागर सोडली तर गाळ यायचा. म्हणून कुणीतरी खाली उतरायचं, वाटीवाटीनं घागर भरायची अन् वरच्यांनी वढून घ्यायची. हे काम मालकांनी घेतलं. जहाजावर लोखंडाच्या शिड्या चढायची सवं व्हती, त्यांना हिरीच्या पायऱ्या काहीच न्हवत्या. आख्खी गल्ली काठावर घागरी घेऊन बसायची.

एक वैनी लई बोलकी. वरनं वाकून म्हणायची, "भावजी, येताना तुमच्या समुद्रातलं थोडं तरी आणायचं की हो."

खालनं मालकांचा आवाज घुमायचा, "आणलं आसतं वैनी, पण ते खारट. अन् तुमची आमटी आधीच खारट आसती म्हणून भाऊ सांगत व्हता."

दुष्काळात बी हसणं व्हतं बगा.

एक दिस घागरी भरल्या, सगळ्या वर गेल्या, अन् मालक वर येईनात. अर्ध्या पायऱ्यांवर दगडाला धरून उभे. वर बघायचे, पाय उचलायचे, अन् परत ठिवायचे. तोंड उघडं, मासा बाहीर काढल्यावाणी. थोरले दीर खाली उतरले, कमरंला दोर बांधला अन् घागर वढावी तसं त्यांना वढून घेतलं. दीर म्हणले, "सात समुद्र तरला अन् घरच्या हिरीत बुडला गड्या." सगळे हसले. मालकबी हसले. हसता हसता खोकला आला अन् तो थांबलाच न्हाई. तवापासनं खोकला घरात आला म्हणायचा.

तवा आमच्याकडं खोकला म्हणलं की टीबी. तालुक्याच्या डाक्तरनं छातीला नळी लावली, टीबी म्हणला, सुया सुरू केल्या. सुया संपल्या तरी खोकला हायेच. मंग दुसऱ्या डाक्तरनं बी टीबीच सांगितली, परत सुया. गावात कळायचं ते कळलं. मठात पंगत आसली की मालकांचं पान कडंला मांडायचे, मधी जागा सोडून. कुणी तोंडानं बोललं न्हाई, पण जागा सोडायचे. पयल्याच येळी आत्यानं ते बघितलं. ती बायांच्या पंगतीतनं उठली, आपलं पान उचललं, अन् सगळ्यांच्या देखत लेकाजवळ त्या मोकळ्या जागंत जाऊन बसली. म्हणली, "वाढा." वाढणाऱ्यानं गुमान वाढलं.

घरी तिचा तिचा विलाज चालायचा. सकाळी पूजा झाली की देवातलं ते पांढरं कापड झटकायची. बोटाला जे लागंल ते भस्मात कालवायची, अन् लेकाच्या कपाळाला लावायची, छातीला चोळायची. नाकाखाली चिमूट धरायची अन् म्हणायची, "वढ रे बाळा, जोरात वढ. शिवाचं हाय." मालक लहान लेकरावाणी वढायचे. खोकायचे. ती पाठीवरनं हात फिरवायची.

असं काही वरसं चाललं. आमच्या पोरी सासरी गेल्या. मालकांची छाती एका बाजूनं भरून आली, बोलताना मधीच थांबायला लागले. थोरल्या दिराला कुणीतरी सांगितलं, मिल्ट्रीतल्या माणसाला पुण्याचा मिल्ट्रीचा दवाखाना फुकट बघतो. मंग एस्टीनं गेलो, मालक, मी अन् दीर.

तिथला डाक्तर तरणा व्हता. चांगला बोलायचा. पयले छातीतनं सुईनं पाणी काढलं, लाल पाणी. फोटू काढला, आणखी काय काय केलं. मंग बसवून इचारलं, जहाजावर काम काय करत होता? मालकांनी सांगितलं, बॉयलरवर. डाक्तर म्हणला, "ते पांढरं लिंपण? हातानं मळायचात?"

मालक म्हणले, "हाव साहेब. कणकीवाणी."

डाक्तरनं फोटू परत उजेडाला धरला. मंग म्हणला, हा टीबी न्हाई, कधीच न्हवता. ते आस्बेस्टास. त्याची लई बारीक कुसळं आसतेत, डोळ्याला दिसत न्हाईत. श्वासासंगं आत जातेत अन् फुफ्फुसाच्या पांघरुणात रुततेत. लई वरसं गप बसतेत. मंग एक दिस उठतेत.

ज्वारी मळताना कुसळ अंगात घुसलं की कसं सलतं ते आमाला ठावं हाय. म्हणून ते समजलं.

दीर म्हणले, "मंग काढा की ते."

"निघत न्हाई काका," डाक्तर म्हणला. "पाणी काढत राहू. दुखणं कमी करू. एवढंच."

मालकांनी इचारलं, "साहेब, आमच्या बॉयलरवरचे बाकीचे?"

डाक्तर म्हणला, "जहाजांवरचे काही जण येऊन गेले इथं." मालकांनी पुढं इचारलं न्हाई.

मंग डाक्तरनं इचारलं, त्यातलं काही घरी हाय का? मालकांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, "एक तुकडा हाय. देवात हाय."

डाक्तरला आधी कळलंच न्हाई. समजल्यावर म्हणला, झटकू नका, जाळू नका. पाण्यानं भिजवा, पिशवीत बांधा, अन् खोल पुरा.

येताना एस्टीत मालक खिडकीपशी बसले व्हते. मंग माझ्याकडं न बघता म्हणले, "आईला सांगायचं न्हाई. दादालाबी सांगितलंय. कधीच न्हाई. काय बोलायचं ते टीबीच बोलायचं."

"अन् कापड?"

"ते मी बघतो."

मी हाव म्हणले. आत्याला कळलं आसतं की लेकाच्या नाकाला रोज काय धरलं, तर तिनं जीव दिला आसता. जहाजावर जेवढं गेलं व्हतं तेवढंच लई व्हतं, घरच्यानं काय वाढलं काय न्हाई, ते डाक्तरलाबी सांगता आलं नसतं. पण आत्याला हे कोण समजावणार?

घरी आल्यावर आत्या मठात गेली तवा मालकांनी कापड भिजवलं, खताच्या पिशवीत बांधलं अन् बांधाला पुरलं. खड्डा मी खंदला, त्यांना खंदवलं न्हाई. सांजला आत्यानं देवघर बघितलं. "कापड कुठं गेलं?"

"मठाला दिलं आई. स्वामींनी मागितलं."

"बरं केलंस," आत्या म्हणली. "मठात सगळ्यांच्याच कामाला येईल."

मालक उठून अंगणात गेले. ते कापड इतकी वरसं घरात आसून आत्याला अन् मला काही झालं न्हाई. का झालं न्हाई ते शिवालाच ठावं.

पुढं पुढं त्यांना निजता येईना. आडवं झालं की छातीतलं पाणी वर यायचं अन् जीव घाबरा व्हायचा. भिंतीला टेकून बसायचे. बसूनच डोळा लागायचा, मान पुढं पडली की परत जाग. मंग पुढ्यात लाकडी पाट उभा करायचा, त्यावर कपाळ टेकायचं. एक उन्हाळा, एक हिवाळा, परत उन्हाळा, आसेच बसून. बूड सोलून गेलं. मी तेल लावायची, जुन्या लुगड्याच्या घड्या घालून द्यायची. गल्लीतलं कुत्रं वसरीत पाय ताणून निजलं की मालक त्याच्याकडं बघत राहायचे. एकदा म्हणले, "बघ, कसं निजलंय. राजावाणी."

एका सकाळी मी पाठ पुसून राहिले व्हते. ते म्हणले, "जहाजावर झोळीत निजायचो, त्यातबी अंग वाकडंच आसायचं. तवा वाटायचं, घरी गेलो की वसरीत हातपाय पसरून निजीन."

"निजाल की. जरा कमी पडू द्या."

"तसं न्हाई. आयक. मेल्यावर मला बसवू नका. लई बसलो. मला आडवं निजवा."

माझा हात थांबला. "आपल्यात तसं कुठं आसतंय?"

"न्हाई म्हणून तर तुला सांगतोय. दादाला सांगितलं तर भांडत बसंल. तू करशील का?"

मी म्हणले, "हाव."

दुसरं काय म्हणणार व्हते? त्यांनी उभ्या जलमात माझ्यापशी काही मागितलं न्हवतं. जेवताना मीठसुद्धा मागायचे न्हाईत, आळणी आसलं तरी खायचे.

नवा जिल्हा झाला त्या दिवसाची ही गोष्ट. उस्मानाबादेतनं फुटून लातूर जिल्हा झाला. लई वरसांची मागणी व्हती म्हणं. गावोगावच्या ट्रका भरून लोक लातूरला चालले व्हते, हलग्या, गुलाल. श्रावणातला सोमवार व्हता. आत्या सकाळीच मठात गेली व्हती. थोरले दीर पटका बांधून आले. दारातनंच म्हणले, "येतो का रे? ड्रायव्हरजवळ पुढं बसवतो तुला."

मालक म्हणले, "बसायचंच आसलं तर घरीच बसतो की दादा."

दीर हसले, पण डोळ्याला हात लावून गेले.

ट्रका गेल्या अन् गाव गप झालं. मी भाकरी करून राहिले व्हते. मालकांनी हाक मारली. पाणी द्यावं म्हणून गेले तर पाणी नको म्हणले. इचारलं, "आता आपला जिल्हा कुठला म्हणायचा?"

"लातूर."

"जवळ पडतंय," म्हणले. "बरं झालं."

मंग एक श्वास घेतला, मधी लई जागा सोडून आणखी एक घेतला. मी पुढच्याची वाट बघत राहिले. तो आलाच न्हाई. कपाळ पाटावर तसंच व्हतं. मी नाव घ्यायची न्हाई, म्हणून "आवो, आवो" म्हणत राहिले. मंग उठले.

वसरीत घोंगडं अंथरलं. पाट बाजूला केला. बगलंत हात घालून त्यांना वढलं, वजन काहीच न्हवतं, ज्वारीचं रिकामं पोतं. हळूच पाठ टेकवली. पाय सरळ केले. गुडघ्याला सवंच राहिली न्हवती, दोन्ही हातानं दाबून धरले तवा सरळ झाले. हात अंगाबरोबर ठिवले. मला वाटलं आता खोकतील, उठून बसतील. न्हाई उठले. तोंडावरची वढ गेली, मिसरूड फुटलेल्या पोरावाणी तोंड झालं. मी बी बाजूला आडवी झाले. किती दिसांनी आमी दोघं शेजारी निजलो व्हतो. बाहीर कावळा वरडत व्हता. चुलीवर भाकर जळाल्याचा वास आला, पण मी उठले न्हाई.

आत्या बेलाची पानं पदरात घेऊन आली. दारात उभी राहिली. बघितलं अन् तिला कळलं. तिनं टाहो फोडला न्हाई. पानं खाली ठिवली, लेकाजवळ बसली, तोंडावरनं हात फिरवला. मंग मला म्हणली, "असं का निजवलंस गं ह्याला? बसव. अंग ताठायच्या आत बसव."

मी म्हणले, "आत्या, त्यांनीच सांगितलं व्हतं. मला बसवू नका म्हणले. लई बसलो म्हणले."

"ते दुखण्यातलं बोलणं."

"न्हाई आत्या. शुद्धीत म्हणले. मी हाव म्हणलेय."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. वाटलं चिडंल. चिडली न्हाई. तिचा आवाज लई बारीक झाला. "आडवा गेला तर शिव वळखंल का त्याला? आपलं सगळं माणूस बसून गेलंय, ह्याचा बाप, ह्याचा आजा. हा एकटाच आडवा. अन् पोरी, माझ्या आधी चाललाय. तिथं त्याला धरून न्यायला मी बी न्हाई. चुकला कुठं तर मी कुणाला इचारू?"

माझ्या तोंडात सगळं आलं. कापड आलं, भस्म आलं, पुण्याचा डाक्तर आला. हे बोलले आसते तर तिचं तोंड बंद झालं आसतं. अन् मालक आडवे निजले आसते. पण ते मागणं एक, अन् आईला सांगू नको हे बी त्यांचंच मागणं. दोन्ही माझ्याच गळ्यात. जो गेला त्याला दुखणं राहिलं न्हवतं. जी बसली व्हती तिला व्हतं.

मी म्हणले, "धरा आत्या त्या बाजूनं."

तिनं एक बगल धरली, मी एक. दोघींनी उचललं अन् परत त्याच भिंतीला टेकवलं. मांडी घालताना गुडघे दुमडायला काहीच तरास झाला न्हाई, त्यांना तेवढंच येत व्हतं. आत्यानं कपाळाला भस्माचे पट्टे वढले. साधं भस्म, गवऱ्याचं. मी पाठीमागं घोंगडं सारलं, मंग माझं मलाच कळलं की आता ते लागत न्हाई. तरी काढलं न्हाई.

सांजच्या आधी ट्रका आल्या. लोकांच्या अंगावर गुलाल, हलगी वाजत वाजत वेशीत आली अन् तिथंच बंद झाली. थोरले दीर गुलालानंच आले अन् भावाच्या पायावर पडले. मातीला सगळं गाव तसंच आलं, लाल कपाळांनी. पंगतीत जागा सोडणारेबी आले. खड्ड्यात त्यांना बसवलं, हातात लिंग ठिवलं, जंगम स्वामींनी म्हणायचं ते म्हणलं. बाया लांब उभ्या व्हत्या. माती आधी गुडघ्याला आली, मंग छातीला. छातीला आली तवा मी तोंड फिरवलं.

माझं बरोबर का चूक, ते मला आजबी ठरवता येत न्हाई. पोरी म्हणतेत, आईनं बाबाचं आयकलं न्हाई. त्यांचंबी खरंच हाय. त्यांना सगळं सांगितलं ते आत्या गेल्यावर, अन् आत्या त्यानंतर लई वरसं जगली.

मातीनंतर काही दिसांनी दुपारची आत्या अन् मी वसरीत पडलो व्हतो. भिंतीची ती जागा दोघीबी सोडून निजलो व्हतो. मला वाटलं तिचा डोळा लागला. तेवढ्यात ती म्हणली, "पोचला आसंल का गं?"

"पोचले आसतील."

मंग परत, "वाटंत दम लागला नसंल ना?"

"न्हाई आत्या," मी म्हणले. "बसून गेलेत. बसलं की त्यांना दम कमी लागायचा."

"हाव," ती म्हणली, अन् कूस बदलून निजली.